पसंती आमची, वही कोणाची?

आमचे एक वृद्ध सहकारी आहेत. उभी हयात कामगार संघटनेत गेली, आता दृष्टी अधू झाली आहे. त्यांच्या मोबाइलवरील बातम्यांचे ॲप त्यांना वाचता येईल अशा रीतीने नातीने बसवून दिले होते. अक्षरे मोठी केली, भाषा मराठी केली, क्रिकेट आणि सिनेमा मागे सारून शेती व कामगार हे विषय वर आणले, रात्री वाजणाऱ्या सूचना बंद करून टाकल्या. दोन वर्षे सारे सुरळीत चालले. मग एका पावसाळ्यात तो फोन पाण्यात पडला. नवा घेतला, जुनाच क्रमांक व जुनेच खाते त्यावर चढवले आणि ॲप उघडले, तो अक्षरे मुंगीएवढी, भाषा इंग्रजी, आणि रात्री दोन वाजता कुठल्याशा नटीच्या लग्नाची सूचना. त्यांनी निवडलेले काहीही शिल्लक उरले नव्हते. एकच गोष्ट जिथल्या तिथे होती. गुडघेदुखीच्या तेलाची जाहिरात पहिल्या पाच मिनिटांत हजर झाली, आणि ती तर त्यांनी कधीच मागितलेली नव्हती.

“सांगितलेले विसरतो आणि न सांगितलेले लक्षात ठेवतो, हा नोकर आहे तरी कोणाचा?” असा प्रश्न त्यांनी आम्हाला केला.

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. महागाई, बेकारी, दुष्काळ हे प्रश्न समोर असताना फोनमधल्या अक्षरांच्या आकाराची चर्चा कसली करता, असे काही वाचक म्हणतील. त्यांना आमचे सांगणे एवढेच की आज रिक्षाचालकाची मजुरी, घरपोच माल पोचवणाऱ्या पोराचा दिवस आणि विद्यार्थ्याचे कर्ज ही सारी याच यंत्रातून ठरू लागली आहेत. तेव्हा त्याच्या पोटात काय चालते हे एकदा पाहिले पाहिजे. गिरणीत पाऊल न टाकता लिहिलेले मागणीपत्र मालक वाचून बाजूला ठेवतो, हा अनुभव आपल्या चळवळीला नवा नाही.

कोणतेही ॲप वापरणाऱ्याच्या लहानसहान आवडीनिवडी फोनमध्येच एका छोट्या फाइलीत लिहून ठेवते. अँड्रॉइड फोनवर या सोयीला ‘शेअर्ड प्रेफरन्सेस’ असे नाव आहे. ॲपच्या खासगी कप्प्यात एक साधी एक्सएमएल फाइल असते आणि तीत एकाखाली एक नावे व त्यांच्यापुढे मूल्ये लिहिलेली असतात : अक्षराचा आकार अमुक, भाषा मराठी, सूचना बंद. किराणा दुकानदाराच्या टिपणवहीहून तिच्यात अधिक गुंतागुंत नाही. ॲपला पहिल्यांदा गरज पडली की ही सबंध फाइल यंत्राच्या स्मृतीत वाचली जाते व पुढे लागेल ती नोंद तेथूनच घेतली जाते. आपण बटण दाबून निवड बदलली की बदल बहुधा आधी स्मृतीत होतो आणि मागाहून फाइलीत उतरतो. ॲपलच्या आयफोनवर हेच काम ‘यूजर डिफॉल्ट्स’ नावाची व्यवस्था करते. जुन्या पद्धतीत नोंदी वाचता-लिहिताना ॲप अडखळते म्हणून २०२० मध्ये गूगलने ‘डेटास्टोअर’ ही नवी पद्धत पुढे आणली. परंतु वहीचे स्वरूप तेच राहिले. एवढे तंत्र आपल्या कामाला पुरे आहे. यात जादू नाही, आणि तज्ज्ञाखेरीज कोणाला कळू नये असेही काही नाही.

या वहीला कुलूप आहे. एका ॲपची वही दुसऱ्या ॲपला उघडता येत नाही. प्रत्येक ॲप जणू निराळा भाडेकरू आहे असे धरून यंत्रणा त्याला स्वतंत्र खोली देते. पूर्वी ॲप लिहिणाऱ्याला मनात आले तर आपली वही सर्वांसाठी उघडी टाकता येत असे. २०१२ मध्ये गूगलने ही सवलत अयोग्य ठरवली आणि २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून ती पूर्णपणे बंद केली. हे चांगलेच झाले. भुरट्या ॲपने बँकेच्या ॲपची वही वाचू नये याविषयी कोणाचाच मतभेद असणार नाही.

मतभेद पुढे आहे. हे कुलूप ज्याची वही त्यालाही लागू आहे. माझ्या फोनमधली, माझ्या पसंतीची, माझ्याच बोटांनी लिहिली गेलेली फाइल मला उघडून पाहता येत नाही. यंत्रणेचे संरक्षण फोडून ‘रूट’ केल्याखेरीज तिथवर हात पोचत नाही, आणि असा फोडलेला फोन अनेक बँकांची ॲपे नाकारतात. ॲपने आपल्या पडद्यावर जेवढे दाखवायचे ठरवले असेल तेवढे मला दिसते. बाकी काय लिहिले आहे याचा पत्ता नाही. मला एकच अधिकार सर्वत्र दिलेला आहे : ‘डेटा पुसा’ हे बटण दाबून सगळी वही एकदम नष्ट करण्याचा. वाचण्याचा नाही, नक्कल करून घेण्याचा नाही, दुसरीकडे नेण्याचा नाही. फक्त जाळण्याचा.

नव्या फोनवर ही वही नेण्याची सोय मुळात नाही असे नव्हे. अँड्रॉइडवर २०१५ पासून प्रत्येक ॲपमागे २५ मेगाबाइटपर्यंतचा मजकूर वापरणाऱ्याच्या गूगल खात्यात आपोआप जपून ठेवण्याची व्यवस्था आहे. फोनधारकाला ती सगळीच्या सगळी बंद करता येते. परंतु एखाद्या ॲपने तीत भाग घ्यायचा की नाही हे ठरवतो त्या ॲपचा निर्माता. आमच्या सहकाऱ्यांच्या ॲपने तो घेतलेला नव्हता. मोठी अक्षरे जपून ठेवण्यात त्या कंपनीला कवडीचाही लाभ नव्हता, हे त्याचे सरळ कारण असावे.

मग तेलाची जाहिरात कशी टिकली? कारण ती या वहीत नव्हतीच. दुसरी एक वही आहे. ती आपल्या फोनमध्ये नसते, कंपनीच्या संगणकावर असते, आणि आपला दूरध्वनी क्रमांक, आपले खाते, जाहिरातीसाठी फोनला दिलेला ओळखक्रमांक यांच्या आधारे तिचे पान लागते. कोणती बातमी किती वेळ उघडी ठेवली, कोणत्या जाहिरातीवर बोट थबकले, पहाटे कितीला फोन हाती घेतला यांवरून आपल्याविषयी काढलेली अनुमाने तीत असतात. फोन पाण्यात पडला तरी ती भिजत नाही. गंमत अशी की या दोन्ही वह्यांना व्यवहारात एकच गोड नाव आहे : ‘आपल्या पसंती’. आम्ही सांगितलेले ती पसंती, आणि त्यांनी आमच्याविषयी ताडलेले तीही पसंतीच! आमची नाशिवंत, त्यांची चिरंजीव.

दोन वह्यांमधला दरवाजा कोण उघडतो हेही पाहू. ॲप हे सहसा एकाच कारागिराचे काम नसते. त्यात जाहिरातवाल्यांचे, मोजमाप करणाऱ्यांचे, नकाशेवाल्यांचे तयार भाग बसवलेले असतात. त्यांना या धंद्यात ‘एसडीके’ म्हणतात. शेजारच्या खोलीतल्यांना कुलूप आहे, पण घरमालकाने जे पाहुणे स्वतः आत आणून बसवले ते मुळात त्याच खोलीत राहतात. ॲपला जी परवानगी, ती त्यांना. ॲपची पसंतीची वही जिथे, तिथे त्यांचाही हात पोचतो. तेव्हा ‘तुमच्या आवडीनिवडी तुमच्याच फोनमध्ये सुरक्षित आहेत’ हे वाक्य अक्षरशः खरे असूनही फसवे ठरू शकते. ॲपलसारख्या कंपनीलाही १ मे २०२४ पासून असा दंडक घालावा लागला की ‘यूजर डिफॉल्ट्स’ वापरणाऱ्या ॲपने ती कशासाठी वापरतो याचे मान्य कारण नोंदवावे, आणि त्या मार्गाने मिळालेल्या माहितीतून फोनची ओळख पटवण्याचे उद्योग करू नयेत. ॲपलला धर्मबुद्धी झाली असे आम्ही मानत नाही. जाहिरातीच्या धंद्यात तिचे स्पर्धक दुबळे होण्यात तिचाही स्वार्थ आहे. पण साध्या सेटिंगच्या वहीचाही पाळतीसाठी उपयोग होऊ शकतो याची ती कबुली आहे, आणि ती प्रतिपक्षाच्या तोंडून आलेली आहे.

यावर कंपन्यांचे व त्यांच्या पंडितांचे ठरलेले उत्तर असते : आम्ही विचारले होते, ग्राहकाने संमती दिली होती. ग्राहक सार्वभौम आहे!

या संमतीची वही कुठे असते ते ऐकण्यासारखे आहे. युरोपात जाहिरातउद्योगाच्या ‘आयएबी युरोप’ या संघटनेने संमती नोंदवण्याची एक सामाईक पद्धत तयार केली. ॲप उघडताच पडद्यावर येणाऱ्या चौकटीत आपण जे ‘हो’ वा ‘नाही’ दाबतो त्याची एक सांकेतिक अक्षरमाळ बनते आणि ती याच पसंतीच्या वहीत, ठरलेल्या नावाखाली, लिहिली जाते; मग ॲपमधले सगळे पाहुणे ती वाचतात व आपापल्या कामाला लागतात. त्या पद्धतीत संमतीच्या हेतूंची क्रमवार यादी आहे. पहिला हेतू कोणता? ‘यंत्रावर माहिती साठवणे आणि तिथून ती वाचणे’. म्हणजे वही उघडण्याची परवानगी वहीतच लिहिलेली. फेब्रुवारी २०२२ मध्ये बेल्जियमच्या विदासंरक्षण प्राधिकरणाने या पद्धतीत गंभीर दोष असल्याचे ठरवून त्या संघटनेला अडीच लाख युरोचा दंड केला. ७ मार्च २०२४ रोजी युरोपीय संघाच्या न्यायालयाने निर्णय दिला की ही अक्षरमाळ हीसुद्धा व्यक्तिगत माहितीच होय, कारण तिच्या आधारे माणूस ओळखता येऊ शकतो. ‘मला ओळखू नका’ असे मी ज्या कागदावर लिहून दिले, त्याच कागदावरून मला ओळखता येते! एखाद्या लोकनाट्यात हा प्रसंग घातला असता तर लेखकाने अतिशयोक्ती केली असे आपण म्हटले असते.

‘हो’ची ही कथा, तर ‘नाही’ची त्याहून न्यारी. गूगलच्या खात्यात ‘स्थळांचा इतिहास’ बंद करण्याची सोय होती. ऑगस्ट २०१८ मध्ये असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने दाखवून दिले की ती बंद केली तरी दुसऱ्याच नावाच्या एका सेटिंगखाली माणसाच्या ठावठिकाण्याची नोंद होत राहते. नोव्हेंबर २०२२ मध्ये अमेरिकेतील ४० राज्यांशी तडजोड करून गूगलने ३९.१५ कोटी डॉलर मोजले. त्यानंतरही ३ सप्टेंबर २०२५ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथील ज्यूरीने सुमारे ४२.५ कोटी डॉलरची भरपाई ठरवली, कारण आपल्या हालचालींची नोंद ठेवू नये असे सेटिंग ज्यांनी करून ठेवले होते त्यांचीही माहिती इतरांच्या ॲपांतून, तिथे बसलेल्या गूगलच्याच भागांमार्फत, गोळा होत होती. आपण काही गैर केलेले नाही असे कंपनीचे म्हणणे होते आणि तिने अपिलाचा मनोदय जाहीर केला. तो न्यायालयाचा विषय. आमचा मुद्दा साधा आहे. बटण वापरणाऱ्याच्या पडद्यावर आहे, तार मात्र मालकाच्या घरात जोडलेली आहे. आणि ती जोडलेली आहे की तुटलेली, हे पाहण्याचे साधन बटण दाबणाऱ्याजवळ नाही.

सार्वभौम ग्राहकाचे आणखी एक रहस्य आहे. बहुसंख्य माणसे सेटिंगला हातच लावत नाहीत. कारखान्यातून जसे येते तसे चालू राहते. याला ‘डिफॉल्ट’ म्हणतात. आपल्या शेतकऱ्याला हा शब्द बँकेच्या नोटिशीतून ठाऊक आहे, तिथे त्याचा अर्थ थकबाकी. फोनमध्ये त्याचा अर्थ ‘तुम्ही काही बोलला नाहीत, म्हणून आम्हीच ठरवले’. या न बोललेल्या निवडीचा भाव काय आहे? आयफोनवर आपले शोधयंत्र आधीच निवडलेले असावे म्हणून गूगलने ॲपलला २०२२ या एका वर्षात २,००० कोटी डॉलर दिले, हे अमेरिकेतील खटल्यात उघड झाले. ५ ऑगस्ट २०२४ रोजी न्यायाधीश अमित मेहता यांनी गूगलने शोधाच्या बाजारातील आपली मक्तेदारी बेकायदा रीतीने टिकवल्याचा निर्णय दिला. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने २० ऑक्टोबर २०२२ रोजी अँड्रॉइडच्या प्रकरणात गूगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला, तो आधीच बसवून दिलेल्या ॲपांच्या व निवडींच्या सक्तीबद्दलच. ज्या निवडीला दोन हजार कोटी डॉलर मोजले जातात ती निवड ग्राहकाने केली असे म्हणणाऱ्यांनी एवढे सांगावे की मग हे पैसे ॲपलला का पोचले, ग्राहकाला का नाही?

‘एवढ्याशा माहितीने बिघडते काय’ असेही काही जण विचारतात. नॉर्वेच्या प्राधिकरणाने डिसेंबर २०२१ मध्ये ग्राइंडर या समलिंगी पुरुषांत प्रचलित असलेल्या ॲपला साडेसहा कोटी क्रोनरचा दंड केला. वापरणाऱ्यांची माहिती योग्य संमतीशिवाय जाहिरात कंपन्यांकडे गेली होती. तिथे तर माणूस त्या ॲपवर आहे एवढीच गोष्ट कळणे पुरेसे होते. अक्षराचा मोठा आकार म्हातारपण सांगतो, भाषेची निवड घर सांगते, नमाजाच्या वा एकादशीच्या सूचनेचे सेटिंग धर्म सांगते. माणसाच्या पसंतीतून माणूस दिसतो. म्हणूनच तिला बाजार आहे.

आता आपल्या अंगणात येऊ. १२ मे १८७५ रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे शेतकरी सावकारांच्या दारी जमले आणि त्यांनी मागितले ते धान्य नव्हे, दागिने नव्हेत, तर खते आणि वह्या. दख्खनच्या त्या उठावात पुणे व नगर जिल्ह्यांतील गावोगाव कर्जरोखे जाळले गेले. अक्षरशत्रू म्हणून हिणवल्या गेलेल्या त्या माणसांना नेमके ठाऊक होते की आपल्यावरची सत्ता सावकाराच्या तिजोरीत नाही, त्याच्या वहीत आहे, आणि ती वही आपल्याला वाचता येत नाही. परकीय सरकारलाही याची दखल घ्यावी लागली. १८७९ च्या ‘डेक्कन ॲग्रिकल्चरिस्ट्स रिलीफ ॲक्ट’ने शेतकऱ्याला दिलेल्या पैशाची लेखी पावती, वर्षाचा हिशेब आणि पासबुक मागण्याचा हक्क दिला. त्या कायद्याने सावकारी संपली नाही, हेही खरे. पण वहीची एक प्रत ऋणकोच्या हाती असावी हे तत्त्व तरी मान्य झाले.

स्वतंत्र भारताने २०२३ मध्ये काय केले? व्यक्तिगत विदासंरक्षणाचा कायदा केला. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत अधिकार ठरवल्यावर त्याला सहा वर्षे लागली. त्यात चांगले काही नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. संमती मुक्त, विशिष्ट व निःसंदिग्ध हवी, ती देण्याइतक्याच सहजतेने मागे घेता यावी, सूचना आठव्या परिशिष्टातील भाषांत, म्हणजे मराठीतही, मिळावी, ही कलमे आपण स्वागतार्हच मानली पाहिजेत. पण अकरावे कलम वाचा. माझ्याविषयी काय नोंदले आहे असे मी कंपनीला विचारले तर ती मला काय देणार? सारांश! वही नव्हे, वहीचा सारांश; आणि तो लिहिणार कोण, तर ज्याची वही तोच. दीडशे वर्षांपूर्वीच्या ऋणकोला पासबुक मागता येत होते.

न्या. श्रीकृष्ण समितीच्या २०१८ च्या मसुद्यात आणि २०१९ च्या विधेयकात आपली माहिती एका कंपनीकडून दुसरीकडे नेण्याचा हक्क होता. २०२३ च्या कायद्यात तो नाही. युरोपात २०१८ पासून तो लागू आहे. तो आपल्याकडे गळाला कसा, याची फारशी चर्चाही झाली नाही. आमच्या सहकाऱ्यांची मोठी अक्षरे नव्या फोनवर यावीत असा आग्रह त्यांना ज्या कलमाच्या आधारे धरता आला असता, ते कलम हेच. उलट पंधराव्या कलमाने नागरिकांवर कर्तव्ये लादली आहेत आणि क्षुल्लक तक्रार केल्यास दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद ठेवली आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये नियम प्रसिद्ध झाले तेव्हा कंपन्यांना मुख्य जबाबदाऱ्यांसाठी अठरा महिन्यांची मुदत मिळाली. त्याच कायद्याने माहितीच्या अधिकाराच्या आठव्या कलमात जी दुरुस्ती केली आणि ‘व्यक्तिगत माहिती’ या सबबीखाली सरकारी कागद झाकण्याची वाट रुंद केली, तिला मात्र एक दिवसाचीही मुदत लागली नाही. ती त्याच महिन्यात अमलात आली.

पण कामगार कार्यकर्त्यांनी सर्वांत बारकाईने वाचावे ते सातवे कलम. नोकरीच्या प्रयोजनासाठी व मालकाचे नुकसान टाळण्यासाठी माहिती वापरायची असेल तर संमतीच लागत नाही. आणि अकराव्या कलमातला तो बापुडवाणा सारांश मिळतो संमती देणाऱ्याला. म्हणजे ज्याला विचारलेच नाही त्याला सारांशही नाही! घरपोच सेवेतल्या मुलांना कंपन्या ‘भागीदार’ म्हणतात, ‘कर्मचारी’ म्हणत नाहीत, हे आम्हाला माहीत आहे. रजा आणि विमा मागितला की भागीदार. नोंदी मागितल्या की तो कोण ठरेल, याचा अंदाज वाचकांनीच करावा.

या कामगाराच्या फोनमध्येही दोन वह्या आहेत. पहिलीत त्याची निवड : नकाशा मराठीत बोलावा, अमुक भागातलेच काम यावे, संध्याकाळी घराच्या दिशेचे भाडे मिळावे. ही निवड कंपनी केव्हाही आखडती घेते. एखाद्या सकाळी ॲप सुधारून येते आणि ते बटणच नाहीसे झालेले असते. दुसरीत त्याने किती भाडी नाकारली, किती मिनिटे थांबला, कोणा ग्राहकाने किती तारे दिले. ती वही कधी हरवत नाही आणि त्याला कधी दिसतही नाही.

ती दाखवता येत नाही असे मात्र कोणी सांगू नये. ब्रिटनमधल्या ओला व उबरच्या चालकांनी आपल्या संघटनेच्या बळावर, या कंपन्यांची युरोपातील कार्यालये नेदरलँड्समध्ये असल्याने, तिथल्या न्यायालयात दाद मागितली. खालच्या न्यायालयात बरेचसे फेटाळले गेले. ४ एप्रिल २०२३ रोजी ॲमस्टरडॅमच्या अपील न्यायालयाने बहुतांश मुद्द्यांवर चालकांच्या बाजूने निकाल दिला. ओलाने चालकाविषयी तयार केलेला कमाईचा आराखडा, तो फसवणूक करील याच्या संभवाचा काढलेला गुण, भाडी कशी वाटली जातात यामागचे निकष, हे उघड करावे असा आदेश झाला. ओला ही भारतातली कंपनी. तिने २०२४ मध्ये ब्रिटनमधला कारभार आवरला. लंडनच्या चालकाला या भारतीय कंपनीकडून जे कायद्याने मागता आले ते पिंपरीच्या चालकाला मागता येत नाही. कर्नाटकाने २०२५ च्या आपल्या कायद्यात स्वयंचलित देखरेखीची व निर्णयांची माहिती कामगाराला मिळावी अशी तरतूद केली आहे. महाराष्ट्रातल्या कार्यकर्त्यांनी ती मागवून वाचावी.

आपल्याच गोटातल्या दोन मतांविषयी लिहिणे भाग आहे. एक मत असे की फोनच फेकून द्यावा. ज्याचे पोट त्या फोनवर आहे त्याला हा उपदेश करणाऱ्याने आधी त्याच्या घरी महिन्याचा किराणा भरून द्यावा. दुसरे मत असे की सारी विदा सरकारजमा करावी म्हणजे प्रश्न सुटेल. याच २०२३ च्या कायद्याच्या सतराव्या कलमाने केंद्राला आपल्या हव्या त्या यंत्रणेला कायद्याच्या कक्षेबाहेर ठेवण्याची मुभा दिली आहे. वही सावकाराच्या घरातून कचेरीत गेली आणि तिथेही ती आपल्याला वाचायला मिळाली नाही, तर आपण मिळवले काय? आणीबाणी भोगलेल्या चळवळीला हे कोणी शिकवण्याची गरज नसावी.

आम्ही मागतो ते यापेक्षा लहान आहे आणि म्हणून टाळायला अवघड आहे. प्रत्येक ॲपने आपल्या वहीतली प्रत्येक नोंद वापरणाऱ्याला त्याच्या भाषेत दाखवावी. लिहिले तसे दाखवणे तंत्रदृष्ट्या अशक्य आहे असे कोणी सांगू लागला तर त्याला ही फाइल म्हणजे नाव आणि मूल्य यांची यादी आहे याची आठवण द्यावी. जे वापरणाऱ्याने निवडले नाही ते बंद आहे असे धरावे. अंध, वृद्ध, नवसाक्षर यांनी केलेल्या निवडी एका फोनवरून दुसऱ्यावर विनासायास गेल्याच पाहिजेत. त्यांच्यासाठी ती सोय नाही, वाचनाचा अधिकार आहे. आणि कायद्यातला ‘सारांश’ हा शब्द काढून तिथे ‘संपूर्ण नोंद’ असे लिहिले जावे, मग ती नोंद संमतीने घेतलेली असो वा नोकरीच्या नावाखाली.

कायदा बदलायला वेळ लागेल. मागणीपत्राला लागत नाही. ॲपवर काम करणाऱ्या चालकांच्या व घरपोच सेवेतील कामगारांच्या बैठका जे कार्यकर्ते घेत आहेत त्यांनी भाडेदर आणि अपघातविमा यांच्या खाली पुढील कलम घालावे, अशी आमची सूचना आहे :

‘कंपनीने प्रत्येक कामगाराविषयी ठेवलेली संपूर्ण नोंद, तिच्यावरून काढलेले गुण व अनुमाने यांसह, मागितल्यापासून तीस दिवसांच्या आत, मराठीत व विनामूल्य त्याला आणि त्याच्या संघटनेला द्यावी. कामगाराने ॲपमध्ये केलेली निवड त्याला लेखी कळवल्याखेरीज बदलू वा काढून घेऊ नये. फोन बदलल्यास ती निवड जशीच्या तशी नव्या फोनवर मिळावी.’